मागच्या दिव्यासाठी तीन गावं

बदलापूरला पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी तिकडे चार दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याच मोटारसायकलच्या मागे उकिडवी बसून काढला. त्यामुळे धरण, डोंगर, धबधबे यांची माहिती माझ्याकडून मिळणार नाही. मात्र मागचा लाल दिवा कसा लागतो आणि कसा लागत नाही, हे मी आता कुणालाही सांगू शकते.

मी संगमनेरला एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांनी जोडलेली सर्किटं तपासणं हेच माझं काम. पन्नाशी जवळ आली आहे. मोटारसायकल पंधरा वर्षांपासून माझीच आहे आणि कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं आहे. बदलापूरला माझी मालतीमावशी असते. काका गेल्यापासून ती एकटीच. दिवाळीच्या आधी चार दिवस तिच्याकडे जायचं ठरलं. "एसटीने ये गं बाई," असं ती तीनदा म्हणाली, आणि मी तिन्ही वेळा "हो" म्हणून मोटारसायकलने निघाले.

बारवीचा रस्ता

माळशेज उतरून मुरबाडला मिसळ खाल्ली. तिथून बारवी धरणाच्या रस्त्याला लागले. आमच्याकडे या दिवसांत बाजरी निघालेली असते, रानं उघडी पडलेली असतात. इथे भात अर्धं कापलेलं, अर्धं उभं. कापलेल्या भाताचा ओलसर, गोड वास हेल्मेटमध्येही येत होता. वाटेत थांबून मी एक लोंबी खिशात घातली. का, ते सांगता येणार नाही. मला असं काही गोळा करायची सवय आहे.

एका वळणापुढे अचानक म्हशी आडव्या आल्या. मी पायाने ब्रेक दाबला. गाडी थांबते न थांबते तोच मागून जोरात धक्का बसला आणि मी गाडीसकट डावीकडे कलंडले.

उठून पाहिलं तर मागे एक जुनी मोटारसायकल आडवी पडली होती आणि रस्ताभर काकड्या पसरल्या होत्या. लांबलचक, हिरव्या-पिवळ्या, पावसाळी रानकाकड्या. त्यांच्यामध्ये साठीच्या पुढचा एक माणूस बसला होता. अंगात पांढरा सदरा, गुडघ्यावर पँट फाटलेली, आत खरचटून रक्त आलेलं.

मी जे बोलले ते मला आजही आठवतं. "अहो, पुढे बघून चालवत जा ना! दिसत नाही का?"

"चुकला बाय," ते उठत म्हणाले. "माजाच चुकला. तुमाला लागला काय?"

मला काही लागलं नव्हतं. एक चारचाकीवाला थांबला, काच खाली करून म्हणाला, "काका, डोळे तपासून घ्या! या वयात कशाला चालवता?" आणि निघून गेला. काका मान खाली घालून काकड्या गोळा करत राहिले. मीही गोळा करू लागले. माझ्या गाडीचे मागचे दोन्ही इंडिकेटर मोडून वायरीला लोंबत होते आणि दिव्याची लाल काच फुटली होती. त्यांचं हँडल वाकडं झालं होतं.

"बाळाराम माजा नाव," ते म्हणाले. "हितून वरती बोराच्या पाड्यावर ऱ्हातो. कायबी लागला तर या. बाळाराम इचारा, कोनपन सांगल." आणि माझ्याकडे भरपाई मागायचं तर दूरच, त्यांनी धड उरलेल्या काकड्यांतल्या सहा माझ्या पिशवीत कोंबल्या. "तवशी हायेत. घरची. न्या."

मी त्या घेतल्या.

बदलापूर

मावशीने काकड्या पाहिल्या आणि तिचा चेहराच उजळला. ती मूळची आमच्याकडची, पण लग्न होऊन कोकणातल्या घरात आली. त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात बाजरी कमी आणि तांदूळ, गूळ, नारळ जास्त. तवसं म्हणजे ही मोठी काकडी, हे मला तिनेच सांगितलं. ती किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून तिने संध्याकाळी तवसोळी केली, म्हणजे काकडीचा केकच म्हणा. गरम तुकड्यावर तूप सोडून मी तीन खाल्ले. खाताना बाळारामकाकांची चूक मी मोठ्या मनाने माफ करून टाकली होती.

मावशीने खाली येऊन गाडी पाहिली. "अगं, फुटली काच तरी मागचा दिवा लागतोय की," ती म्हणाली. खरंच लागत होता. हेडलाइट लावला की मागे तांबूस उजेड पडे. म्हणजे बल्ब शाबूत आहे, फक्त काच आणि इंडिकेटर बदलायचे, असा मी हिशेब केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने केलेला हिशेब.

"सुटे भाग हवे तर उल्हासनगरला जा," मावशी म्हणाली. "तिथे मिळत नाही अशी वस्तू नाही."

उल्हासनगर, कॅम्प दोन

संगमनेरला आमचा मेकॅनिक इंजिनापासून सीटच्या शिलाईपर्यंत सगळं एकटा करतो. उल्हासनगरच्या कॅम्प दोन या वस्तीत प्रत्येक गोष्टीचा माणूस वेगळा. एका दुकानात फक्त आरसे. शेजारी फक्त सीट कव्हर. पुढे एक गृहस्थ नुसत्या रबराच्या वस्तू विकत बसलेले. मला तर प्रदर्शनात आल्यासारखं वाटत होतं. आधी एका गाडीवर डाळ-पकवान खाल्लं: कडक, मोठा, पापडासारखा पकवान आणि वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडताना आवाज इतका होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दिव्यांचं दुकान एका बाईंचं होतं. साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. गल्लीतला जो तो त्यांना "दादी" म्हणत होता. मला नवल वाटलं. एवढ्या तरुण बाईला आजी कशी म्हणतात, असं मी विचारलंच.

त्या मोठ्याने हसल्या. "अरे दीदी, हमारे सिंधी में दादी मतलब बडी बहन! आजी नाही, ताई, ताई!"

मग मीही त्यांना दादी म्हणू लागले.

मी मॉडेलचं नाव सांगितलं. दादींनी मान हलवली. "ओरिजिनल भूल जाओ. पण बसेल असं देते." त्यांनी माझ्या फुटक्या काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, दोन स्क्रूंमधलं अंतर वितीने मोजलं आणि न बघता मागच्या खोक्यातून एक दिवा काढला. तंतोतंत बसला. इंडिकेटरचे दोन दांडे मात्र त्यांनी आधी वाकवून पाहिले. "रबर नरम पाहिजे. कडक झालं की धक्क्यात तुटतं. तुमचं बघा." माझं जुनं रबर त्यांच्या हातात बिस्किटासारखं मोडलं.

मग त्यांनी जुना बल्ब काढून उजेडात धरला आणि चष्मा खाली घेतला.

"ॲक्सिडेंट कधी झाला, दीदी?"

"काल दुपारी."

"हा बल्ब काल नाही गेला."

"तो गेलेलाच नाही," मी म्हटलं. "काल रात्री लागत होता."

"लागत होता, छोटा वाला. ये देखो." त्यांनी बल्ब माझ्या हातात दिला. "आत दोन तारा पाहिजेत. एक बारीक, रात्रीच्या उजेडासाठी. दुसरी जाडी, ब्रेक मारल्यावर. जाडी किधर है?"

मी बल्ब फिरवून पाहिला. एकच तार होती. दुसरीच्या जागी दोन टोकं उभी होती आणि काचेला आतून काळा, आरशासारखा थर चढला होता.

"इतका काळा व्हायला टाइम लागतो," दादी म्हणाल्या. "महिना, दो महिना. तुम्ही ब्रेक मारत होत्या, मागे काही लागतच नव्हतं."

शाळेतल्या मुलीसारखी मी तो बल्ब धरून उभी राहिले. माझ्या मनात एवढंच आलं, की मी त्या माणसाला 'दिसत नाही का' म्हणाले होते.

"आणि इंडिकेटर?" दादींनी विचारलं. "एक बाजू जोरात फडफडत होती का?"

डावी बाजू कित्येक आठवडे घाईघाईने उघडझाप करत होती. मला वाटे, गाडी जुनी असूनही इंडिकेटर किती जोमदार आहे. दादींनी सांगितलं की एका बाजूच्या दोनपैकी एक बल्ब गेला की उरलेला असाच फडफडतो. गाडी तुम्हाला सांगत असते, बघा म्हणून.

दुकानाबाहेरच्या फिटरने सगळं जोडून दिलं. दादींनी मागे उभं राहून "ब्रेक मारो" म्हटलं. मी हाताचा ब्रेक दाबला, दिवा लखकन लागला. जुना बल्ब मी फेकू दिला नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

अंबरनाथ

परतताना एका चौकात मी उजवीकडे वळायला निघाले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम! जाताय राइटला, लाइट लेफ्टचा!"

थांबून उतरले. खरंच, फिटरने मागच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. पुढचा इंडिकेटर उजवा, मागचा डावा. आता माझा कशावरच विश्वास उरला नाही. रस्त्याकडेला एका दुकानाच्या बंद, चकचकीत शटरला पाठ करून गाडी लावली आणि मागे वळून प्रतिबिंब पाहत पुन्हा सगळं तपासलं. हाताचा ब्रेक: लागला. पायाचा ब्रेक: काही नाही. पुन्हा पाय: काही नाही. आणि मी तर नेहमी आधी पायच दाबते.

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं एक छोटं दुकान आहे, असं त्या रिक्षावाल्यानेच सांगितलं. तिथवर मी हात दाखवत, बैलगाडीच्या वेगाने गेले. दुकान प्रदीप नावाच्या माणसाचं. आधी तो एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याने उलट्या वायरी दोन मिनिटांत सुलट्या केल्या, मग खाली झोपून पेडलजवळ बॅटरी मारली.

"मॅडम, तुमच्या पायाच्या स्विचची स्प्रिंगच नाय," तो खालूनच म्हणाला. "पेडल दाबलं की स्प्रिंग स्विचला ओढते, तेव्हा दिवा लागतो. ही गंजून तुटली. टोक बघा, पूर्ण लाल झालंय. कालचं नाय हे."

"म्हणजे बल्ब चांगला असता तरी—"

"तरी मागच्याला काय कळलं नसतं. कोणी ठोकली काय तुम्हाला?"

मी "हो" म्हटलं.

"मग नशीब समजा, हळू ठोकली."

नवा स्विच आणायला तो स्टेशनकडे जाणार होता. "अर्धा तास द्या. देऊळ बघून या तोवर."

काळ्या दगडाचं ते देऊळ मी सावकाश पाहिलं. गाभारा जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून खोल जायचं आणि वर पाहिलं तर शिखर उघडंच, आभाळाचा तुकडा दिसतो. वर असं उघडं का ठेवलं असेल, हे मी तिथल्या एका फुलवाल्या मावशींना विचारलं. "कुणी म्हणतं काम अर्धं ऱ्हायलं, कुणी म्हणतं देवाला पाऊस पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पटेल ते घ्या." खाली ओलसर गारव्यात मी बराच वेळ उभी होते. मागण्यासारखं काही सुचलं नाही. बाळारामकाका मान खाली घालून काकड्या गोळा करताना तेवढे दिसत राहिले.

प्रदीपने नवा स्विच बसवून मला चारदा हात, चारदा पाय दाबायला लावलं. आठही वेळा दिवा लागला.

घरी आल्यावर मावशीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "लागलं नाही कुणाला फार. त्यांना थोडंच कळणार आहे?"

"मला कळलंय ना, मावशी."

तिने दोन शेंगा मोडल्या. मग म्हणाली, "मागून येणाऱ्यानेही अंतर ठेवायचं असतं, हेही खरं आहे." आणि थोड्या वेळाने, "पण जा तू. त्यांची काकडी खाल्लीय आपण."

बोराचा पाडा

दुसऱ्या दिवशी मावशीच्या दवाखान्याच्या चकरेत वेळ गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी बारवीच्या रस्त्याने पाड्यावर गेले. वीस-बावीस घरं, अंगणं शेणाने सारवलेली, मधे भात झोडायचं खळं. बाळारामकाका ओटीवर बसले होते. गाडी दारातच होती, हँडल सरळ केलेलं, वर गोणपाट टाकलेलं. मला पाहून ते घाबरून उठले.

"काय झाला बाय? काय मोडला काय आनखी?"

त्यांची सून सुवर्णा बाहेर आली, हाताला तांदळाचं पीठ. "तुम्हीच का त्या?" ती म्हणाली. "बसा. लय लागलं नाय ना तुम्हाला? आम्ही चावी काढून घेतलीय त्यांच्याकडून. आता नाय चालवणार ते. ह्यांनी सांगितलंय, डोळ्यांचा भरवसा नाय."

'ह्यांनी' म्हणजे तिच्या नवऱ्याने, दिनेशने. तो अंबरनाथला कंपनीत कामाला. मी काकांकडे पाहिलं. ते खळ्याकडे पाहत होते. पाड्यावर एसटी दिवसातून दोनदा येते, हे मला मागाहून कळलं. बाजार, दवाखाना, बहिणीचं घर, सगळं त्या गाडीवर होतं.

मी रुमाल सोडून बल्ब ओटीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. दोन तारा, जळलेली एक, गंजलेली स्प्रिंग. "काका, चूक माझी होती. मी ब्रेक दाबला तेव्हा मागे दिवा लागलाच नाही."

त्यांनी बल्ब उचलून उजेडात धरला.

"लागलाच नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तीन राती मी त्योच इचार करतोय," ते हळू म्हणाले. "दिवा लागला व्हता आनी मना दिसला नाय, का लागलाच नव्हता. आठवाचा म्हनला तर दोनी आठवताय." मग त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "मंग तुमी मना बोललात कशाला, बाय? लोकांम्होरं?"

"मला माहीत नव्हतं. पण बोलायला नको होतं. माफ करा मला."

सुवर्णाने फोन लावून नवऱ्याला सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. दिनेशने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुम्हाला म्हाताऱ्या माणसाचं वाईट वाटलं म्हणून आलात. पण उद्या ते कुणाला तरी उडवतील, तेव्हा तुम्ही नसणार."

त्याचंही खरंच होतं. प्रयोगशाळेत मुलं वाद घालतात तेव्हा मी एकच सांगते, करून बघा. तेच तोंडून निघालं. "मग करून बघू. फोन चालू ठेवा."

खळ्याच्या पलीकडच्या टोकाला आंब्याची सावली होती. तिथे मी गाडी नेली, तोंड पलीकडे, पाठ घराकडे. सत्तर पावलं तरी असतील. काका ओटीवर उभे राहिले, शेजारी सुवर्णा हातात फोन धरून. दोन शेजारणीही आल्या. मी मागे न पाहता पाय दाबला.

"लागला!" काकांचा आवाज आला.

पाय सोडला. "गेला!"

डावा इंडिकेटर. "डावा फडफडतोय!"

"फडफडत नाय, बरोबर चालू हाय," एक शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

उजवा. "उजवा!" मग मी काहीच न करता नुसता खांदा हलवला.

"आता काय नाय! उगाच फशीवताय!"

मी हाताचा ब्रेक अगदी क्षणभर, टिचकीएवढा दाबला.

"लागला नी गेला!" ते ओरडले. हे तर शेजारणीलाही दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "कवा?"

मी परत आले तेव्हा सुवर्णा फोन स्पीकरवर ठेवून म्हणत होती, "नाय हो, सगळं बरोबर. एकपण चुकलं नाय." पलीकडून दिनेशने पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मग इतकंच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात डोळे तपासायला नेणारच आहे मी. तोवर हळू चालवायचं. आणि अंतर ठेवायचं, पप्पा."

"ठेवन," काका म्हणाले. "मी पन जवल व्हतो त्या दिवशी."

सुवर्णाने आत जाऊन तांदळाच्या डब्यातून चावी काढली. त्यांनी ती घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली, जणू रुमालच आहे. मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी हातावर थापलेली, इतकी पातळ आणि मऊ की आमच्या बाजरीच्या भाकरीच्या सवयीने चावायला गेले तर दातांना काही लागलंच नाही. सोबत वालाची उसळ आणि सुक्या मासळीची चटणी. काका शेजारीच जेवले, पण दोनदा खिसा चाचपताना मी त्यांना पाहिलं.

जेवल्यावर सुवर्णाने चहा ठेवला. तेवढ्यात काका उठले, गाडीवरचं गोणपाट काढलं, नीट घडी करून ओटीवर ठेवलं आणि किक मारली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"वान्याकडं. चायपत्ती संपलीय."

ते पाड्याच्या उतारावरून गेले, सावकाश, रस्त्याच्या अगदी कडेने. सुवर्णा दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या हातात चहापत्तीचा डबा होता, गळ्यापर्यंत भरलेला. तिने मला तो दाखवला, झाकण लावलं आणि माझ्यासाठी कपात चहा ओतला.